लिंबाचं मिक्सर

'घेणे' हे क्रियापद सकर्मक आहे, हे मला वडिलांनी फार लवकर शिकवलं होतं. दिवेलागणीनंतर ते मला समोर बसवून वृत्तं म्हणवून घेत, आणि वृत्तांनी माझी जीभ दमली की व्याकरणाकडे वळत. 'मुलगा घेतो' एवढ्यावर मी वाक्य थांबवलं की त्यांचं बोट वर जाई. "काय घेतो? पेरू घेतो, छत्री घेतो, काय घेतो? वाक्य उपाशी ठेवू नये."

लग्न होऊन रायपूरला, चौबे कॉलोनीतल्या या घरी आले, तेव्हा हेच क्रियापद उपाशीपोटी मोठ्या मजेत हिंडताना दिसलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून, आवाज अर्धा करून विचारलं होतं, "काय वं, तुह्या घरी घेतात का?" मी म्हटलं, "काय घेतात?" त्या इतक्या हसल्या की हातातली कोथिंबीर खाली पडली. पुढे हिंदीतही तेच आढळलं. "भैया लेते हैं?" दोन्ही भाषांनी संगनमत करून कर्म गाळलेलं. जे सर्वांना ठाऊक असतं ते उच्चारायचं नसतं, एवढंच त्यामागचं व्याकरण.

तर माझे यजमान घेत. शनिवारी, घरीच, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर, तीन मित्रांच्या संगतीत. एक वकील, तेलीबांध्याला राहणारे. दुसरे रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अकोल्याकडचे. आणि तिसरे गोल बाजारात भांड्यांचं दुकान असलेले छत्तीसगढी गृहस्थ, जे विनोद सांगण्याआधीच स्वतः हसून घेत. पुढे कोणी हसलं नाही तरी त्यांचं काही अडत नसे. मी स्वतः घेत नाही. मला त्या संध्याकाळींचा आवाज प्रिय होता. आत पुस्तक उघडून बसलेली असताना बाहेरून बर्फाचा खडा काचेवर आपटल्याचा जो एक स्वच्छ, छोटा नाद येई, तो मला एखाद्या ओळीतल्या यतीसारखा वाटे. त्यानंतर क्षणभर शांतता, आणि मग चार गळ्यांचं हसू.

यजमान पीत कमी आणि पाजत जास्त. लिंबाच्या चकत्या ते इतक्या पातळ कापत की उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसावं. कोणाला किती, कोणाला बर्फ आधी, कोणाला सोडा नंतर, हे सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं. 'यजमान' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी एकाच खुर्चीवर बसलेले असत.

मग एक दिवस डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की आता एक थेंबही नको, आणि त्यांनी ते त्याच क्षणी मानलं. तक्रार नाही, चिडचिड नाही. घरातल्या बाटल्या त्यांनी स्वतः वाटून टाकल्या. मी निर्धास्त झाले. ज्या गोष्टीची भीती होती ती सहज सुटली होती. जी गोष्ट सुटेल असं वाटलंही नव्हतं ती मात्र हळूहळू सुटू लागली. शनिवार सुटू लागला.

पहिल्या शनिवारी मित्र आले आणि तिघांनीही हात वर करून जाहीर केलं, "हम भी नहीं लेंगे." केवढी ती मैत्री! चार प्रौढ माणसं चहाचे कप गुडघ्यावर धरून बसली. वकिलांनी कोर्टातली एक गोष्ट सांगितली, तिला शेवटच नव्हता. रेल्वेवाल्यांनी गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याच्या आत घसा बसल्याचं कारण काढलं. ते गेल्यावर यजमान मला म्हणाले, "आज बैठक नव्हती. आज सगळे माझ्या तब्येतीले भेटाले आले होते."

त्यानंतर शनिवार आला की त्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट दिसू लागले. संध्याकाळ झाली की ते तेलीबांध्याच्या तलावाकडे फिरायला जात. पाण्याच्या कडेनं चालत, चणे खात, काळोख पडल्यावर परतत. फोन घरी राहून जाई. तो विसरला जात होता की मुद्दाम मागे ठेवला जात होता, हे मी विचारलं नाही.

एके दिवशी कुकरची रिंग घ्यायला मी गोल बाजारात गेले, त्या भांडेवाल्या मित्राच्या दुकानात. पितळ, स्टील आणि नव्या ॲल्युमिनियमचा एक थंड वास त्या दुकानात कायम भरलेला असतो. तिथं उभं राहिलं की दातांना धातूची चव येते. रिंग कागदात गुंडाळताना ते म्हणाले, "भाभी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. हम लोग सोच रहे हैं कि अब वकील साहब के यहाँ बैठ लिया करें. आपको भी तकलीफ नहीं, भैया को भी नहीं."

ते मनापासून बोलत होते. आमची सोय पाहत होते. पण मला एकदम कळलं की बैठक एकदा त्या व्हरांड्यातून उठली तर यजमान तिच्यामागे जाणार नाहीत. ते पाहुणे म्हणून कुठं बसलेले मी कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातचा बर्फ वाजताना, रिकाम्या हातानं बसणं त्यांच्यानं झालं नसतं. तलावाचे फेरे तेवढे वाढले असते.

मी म्हटलं, "होळीच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे या. मग काय ते ठरवा."

"हव भाभी, आ जाएँगे. पर भैया बैठेंगे?"

"बैठेंगे," मी म्हटलं. कशाच्या भरवशावर, ते मलाही ठाऊक नव्हतं.

भरवसा बेंगळुरूहून आला. आमची मुलगी तिथं नोकरी करते. तिला मराठी सगळं समजतं आणि ती सगळ्याचं उत्तर हिंदीत देते. आमचा संवाद म्हणजे दोन काठांवरून चालणारी एकच वाट. तिला मी अडचण सांगितली. ती म्हणाली, "आई, आप मिक्सर बनाओ ना, घर पे."

"मिक्सर आहे की गं घरात. गेल्या दिवाळीत तर घेतला. तीन भांड्यांचा."

फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा हसता हसता बाहेर निघून गेला आणि परत आला. "अरे वो नहीं! ड्रिंक में जो मिलाते हैं, वो. संतरे का, नींबू का. घर का बना हुआ. जिसको उसमें कुछ मिलाना है वो मिलाए, जिसको नहीं मिलाना वो सोडा डालके वैसे ही पिए. ग्लास सबका एक जैसा दिखेगा."

ग्लास सबका एक जैसा. त्या वाक्यापाशी मी थांबले. एवढंच तर हवं होतं.

मुलीनं रीत सांगितली आणि मी ती पहाटेच्या वेळी करून पाहू लागले, कारण तेव्हा स्वयंपाकघर माझं एकटीचं असतं. नागपूरकडची संत्री बाजारात आली होती. केशरी, सैल सालीची, देठाजवळ किंचित फुगलेली. लहानपणी आम्ही त्यांच्या साली एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो. ते चुरचुरणारे, अदृश्य तुषार म्हणजेच त्या फळाचा खरा गंध, हे इतक्या वर्षांनी कळत होतं. साल इतक्या अलगद काढायची की रंग तेवढा यावा आणि खालचा पांढरा भाग फळावरच राहावा. मुलीनं चारदा बजावलं होतं, "सफेद वाला हिस्सा बिलकुल नहीं, आई. कड़वा हो जाएगा." मग त्या केशरी पापुद्र्यांवर साखर घालायची, बोटांनी चोळायची आणि झाकून ठेवायची.

त्यानंतर जे घडतं ते मी प्रत्येक वेळी झाकण उचलून पाहत असे. कोरडी, खळखळणारी साखर हळूहळू गप्प होते. तिला घाम फुटतो. पाण्याचा एक थेंबही घातलेला नसताना भांड्याच्या तळाशी सोनेरी, दाट तेलकट पाक जमतो आणि त्याला असा वास येतो, जणू कोणी संत्र्याची बाग चिमटीत धरली आहे. त्यात रस ओतायचा, साखर विरघळू द्यायची आणि मलमलीतून गाळायचं. माझ्या बोटांच्या पेरांना दिवसभर तो वास राही. कॉलेजात मी हिंदी शिकवते. फळ्यावर लिहिताना खडूच्या धुळीतूनही तो वर येई आणि मला उगीचच हसू फुटे.

पहिला ग्लास तयार झाला. सोडा ओतला, बुडबुडे वर आले, आणि मी तो यजमानांसमोर ठेवला. त्यांनी घोट घेतला. चेहरा प्रसन्न झाला.

"वा. छान झालं सरबत."

सरबत. हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, उन्हातून आलेल्या पाहुण्याला जे देतात ते. माझ्या हातातल्या ट्रेचं वजन वाढलं.

दुसऱ्या खेपेला आलं घातलं. "सरबताले मस्त झणका आला." पुढे काळं मीठ, पुढे पुदिना, पुढे शेजारच्या बंगाली काकूंच्या अंगणातल्या गंधराज लिंबाचं पान चुरगळून. ते पान इतकं सुगंधी की ग्लास ओठांपर्यंत येण्याआधीच आपण वाकतो. यजमानांनी डोळे मिटून घोट घेतला.

"ह्या सरबताचा वास लई भारी आहे."

याच सुमारास माझ्या नणंदबाईंनी या कारभारात लक्ष घातलं. यजमानांच्या या मोठ्या बहीण मागच्याच गल्लीत राहतात. त्या रोज येतात, कामाचं म्हणून येतात आणि काम काय ते इथं आल्यावर ठरवतात. ओट्यावर संत्र्यांचा ढीग पाहून त्या दारातच थबकल्या.

"अवं वहिनी, कोणाच्या मुंजीचं सरबत करून राहिली तू एवढं?"

"शनिवारी यांचे मित्र यायचेत, ताई."

"अन् ते सरबत पेतीन? ते?" ताईंनी पदर तोंडाला लावला. "अवं, वाघाले काकडी देऊन राहिली तू."

मी रागावले नाही, कारण त्यांचं खरं होतं. त्या दुपारी यजमानांना मी सरळच विचारलं, "यात काय कमी आहे, ते एकदा सांगा तरी."

ते शब्दांचे माणूस नाहीत; आयुष्यभर त्यांनी पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे तपासले. पण त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या कवितांतल्या कितीतरी ओळींपेक्षा सरस वाटलं.

"हे पाह्य," ते म्हणाले, "सरबत आपल्याले पाहून उठून उभं राहतं. म्हणतं, ये, बस, किती दमला तू. लाडच करतं. ते दुसरं तसं नव्हतं. ते पहिल्या घोटाले हटकायचं. 'कोण आहेस? कुठं चाललास?' असं विचारायचं दारातच. मग आपण जरा थांबायचो. मग दुसरा घोट. तेव्हा कुठं ओळख पटायची." ते जरा ओशाळले. "तू काहून एवढी मेहनत करून राहिली? बसीन मी शनिवारी थोडा वेळ. मग येतो एक चक्कर मारून."

एक चक्कर मारून. म्हणजे बूट घालूनच बसणार होते.

शनिवार उजाडला. बाहेर आंब्याचा मोहोर इतका दाटला होता की वारा जड वाटत होता. संत्र्याचा पाक आदल्या दिवशीच बाटल्यांत भरून ठेवला होता. लिंबाचा तेवढा सकाळी करायचा, कारण लिंबू शिळं झालं की रुसतं. मी लिंबं धुऊन, पुसून ओट्यावर परातीत मांडली. पातळ सालीची, पिवळ्याकडे झुकलेली, अंगावर हिरवे ओरखडे असलेली कागदी लिंबं. एवढ्यात कॉलेजातून फोन आला की परीक्षेच्या कामावरची एक बाई आजारी पडली आहे, मी लगेच यावं.

ऑटोत बसले आणि ताईंना फोन लावला. भोवती हॉर्नचा कल्लोळ, पुढे ऑटोवाल्याचं गाणं. इतक्या दिवसांत माझ्या एका अभिमानामुळे एक गोष्ट घडली होती: मी त्या पदार्थाला सरबत म्हणायचं सोडून दिलं होतं. मुलीशी बोलून बोलून तिचाच शब्द माझ्या तोंडी बसला होता. एवढंच की यंत्राच्या अर्थी 'मिक्सर' पुल्लिंगी असल्यामुळे पेयाला मी, सरबताच्या चालीवर, नपुंसकलिंगी करून घेतलं होतं. घोटाळा होऊ नये म्हणून माझ्या मते ती पुरेशी व्यवस्था होती.

"ताई," मी ओरडून म्हटलं, "ओट्यावर लिंबं धुऊन ठेवलीत. जमलं तर त्यांचं मिक्सर करून ठेवाल का? मला यायला दुपार होईल."

"हो वं. करते नं. त्यात काय एवढं!"

दुपार कलल्यावर परतले, तर फाटकापाशीच वास आला. लिंबाचा, पण माझ्या ओळखीतल्या लिंबाचा नव्हे. उग्र, हिरवा, नाकाच्या आत ओरखडा काढणारा. व्हरांड्यात यजमान वर्तमानपत्र धरून बसले होते. पायांत बूट होते, नाड्या बांधलेल्या.

स्वयंपाकघरात ताई पदर खोचून, विजयी मुद्रेनं उभ्या होत्या. ओट्यावर मिक्सरची तिन्ही भांडी उपडी घालून ठेवलेली. आणि मोठ्या पातेल्यात फिकट हिरव्या, फसफसत्या फेसाचा एक समुद्र.

"ताई... हे सालीसकट?"

"मंग? तू म्हटलं, लिंबाचं मिक्सर कर. केलं मिक्सर. पिळून ठेवा म्हटलं असतं तं पिळून ठेवलं असतं. चार-चार फोडी केल्या अन् घातल्या भांड्यात. बियाही गेल्या थोड्या, तडतड आवाज आला जरा."

"सगळी?"

"तं मी काय अर्धं काम करते का कधी?"

माझी पुल्लिंग-नपुंसकलिंगाची सगळी तजवीज त्या फेसात बुडाली होती. मी चमचाभर चाखलं. साल, सालीखालचा पांढरा भाग, बिया, या सगळ्यांनी आपापला कडूपणा एकत्र केला होता. तो आधी जिभेच्या टोकाला काहीच बोलला नाही, मग थेट मुळाशी जाऊन बसला आणि कानशिलांपर्यंत पसरला. ताईंनीही बोट बुडवून चाखलं. त्यांचा चेहरा चारी बाजूंनी आत ओढला गेला.

"अया माय!" त्या म्हणाल्या. "लिंबाचं कडुलिंब केलं वं मी!"

आणि आम्ही दोघी हसत सुटलो. खरं तर रडायला हवं होतं. ताई ओट्याला टेकून, मी फ्रीजला टेकून, एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. बाहेरून यजमानांनी विचारलं, "काय झालं वं?" आणि ताई ओरडल्या, "काई नाई! पाडवा लवकर आला!" त्यावर आणखी हसू. पाडव्याला चावतो तो कडुलिंबाचा पाला, त्या दिवशी आमच्या घरी पातेलंभर होता.

डोळे पुसता पुसता मला पाडव्याचीच आठवण धरून राहिली. तो पाला आपण गुळाबरोबर खातो. कोणी नुसता गूळ देत नाही. आधी कडू, मग गोड. वर्षाच्या दारात उभं करून ते आपल्याला विचारतं, कोण आहेस, कुठं चाललास.

मी हसायची थांबले. मलमल काढली, फेस तिच्यात ओतला आणि पिळला. खाली जो रस उतरला तो दुधी हिरवा होता. संत्र्याच्या पाकाची बाटली काढली. ग्लासात पाक, त्यावर या रसाचा एक चमचा, वर सोडा. ताई म्हणाल्या, "अवं, ते बिचारं संत्रं काहून नासवून राहिली?" मी ग्लास घेऊन व्हरांड्यात गेले.

यजमानांनी तो हसून घेतला. सरबताचं कौतुक करायची तयारी त्यांच्या चेहऱ्यावर आधीच झाली होती. त्यांनी घोट घेतला. तयारी पुसली गेली. भुवया जवळ आल्या. त्यांनी ग्लास खाली धरला, त्याच्याकडे पाहिलं, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीकडे पाहिलं, आणि मग, बऱ्याच वेळानं, दुसरा घोट घेतला. सावकाश.

"यात काय टाकलं तू?"

"काही नाही. संत्रं, साखर, सोडा. आणि तुमच्या ताईंचा मिक्सर."

तिसरा घोट. "हे सरबत नाही," ते म्हणाले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं, "हटकलं यानं."

आणि ते उठले. गेले कित्येक महिने ते शनिवारी उठत ते फाटकाच्या दिशेनं. आज ते आत वळले. बुटांसकट स्वयंपाकघरात शिरले, ताई "अरे, अरे, जोडे!" म्हणाल्या तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी चमचा उचलला.

"एक चमचा जास्त होते. अर्धाच पायजे. आणि मीठ, एक कण." त्यांनी चाखलं, मान हलवली, पुन्हा ओतलं. "आता पाह्य. साखर पुढं नाही येत, कडूही पुढं नाही येत. दोघं बरोबर चालतात." ते शेल्फपुढे उभे राहून ग्लास मोजू लागले, उजेडात धरून पुसू लागले. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "बर्फ आहे नं घरात?"

बर्फ होता. मी फ्रीजच्या दारामागे जरा जास्त वेळ उभी राहिले, एवढंच.

मित्र आले ते दबकत, जणू इस्पितळात शिरत आहेत. तिघांच्या चेहऱ्यांवर एकच समंजस भाव. वकिलांच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. त्यांनी ती खुर्चीमागे, भिंतीला लावून ठेवली आणि त्या मेथीतून काचेचा आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला नाही असं दाखवलं. तेवढ्यात यजमान ट्रे घेऊन बाहेर आले.

"काढ वकील," ते म्हणाले. "मेथी मागून निवडू."

वकील लाजले. पिशवी उघडली. आणि मग मी दारातून पाहिलं, त्या हातांना सगळं पाठच होतं. कोणाला बर्फ आधी, कोणाला सोडा नंतर. फरक इतकाच की आता ते मध्येच बजावत होते, "अरे, इसमें ज्यादा मत मिला. स्वाद मर जाएगा. पहले इसको ऐसे ही चख." ग्लास सगळे सारखेच. कडेला तशीच पातळ चकती (ती लिंबं शेजारच्या काकूंकडून उसनी आणली होती), वर गंधराजाचं एकेक पान.

रेल्वेवाल्यांनी घोट घेतला आणि थांबले. "हे कुठलं आहे बा?"

"घरचं."

"घरचं म्हणजे?"

"म्हणजे घरचं! तुझी वहिनी अन् माझी ताई, दोघींनी मिळून बिघडवलं."

भांडेवाल्या मित्रांनी ग्लास अर्धा केला, विनोद आठवला, आधी हसून घेतलं आणि मग सांगितला. या वेळी तो जमला. वकिलांच्या गोष्टीला शेवट होता. रेल्वेवाले दुसऱ्या खेपेला आपल्या ग्लासावर तळहात धरून म्हणाले, "माह्यात काई नको टाकू यार, ह्याची चव दबून राहिली," आणि कडव्यामागून कडवं गात सुटले, तितकंच बेसूर, तितकंच मनापासून.

मग सवयीनं ती चूक झाली. बाटली फिरता फिरता भांडेवाल्यांनी, वर्षानुवर्षं विचारत आले तसं, यजमानांकडे वळून विचारलं, "और भैया, आप क्या लेंगे?"

विचारून झालं आणि त्यांना भान आलं. वकिलांनी चकतीकडे पाहिलं. रेल्वेवाले गाणं विसरले. दारातून मला यजमानांची फक्त पाठ दिसत होती.

"मैं?" ते म्हणाले. त्यांनी आपला ग्लास उचलला, बर्फ काचेवर आपटला, तोच स्वच्छ, छोटा नाद. "मैं मिक्सर लूँगा."

आणि माझ्या मागून, स्वयंपाकघरातून, ताईंचा खडा आवाज आला, "ए! कोणी मिक्सर नेऊ नका! मले सकाळी चटणी वाटाची हाय!"

त्यानंतर व्हरांड्यात जे हसू उठलं त्यानं समोरच्या घराचा दिवा लागला. भांडेवाले खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. यजमान डोळे पुसत होते. माझ्या मनात वडिलांचं बोट हळूच खाली आलं: त्या क्रियापदाला, एकदाचं, कर्म मिळालं होतं.

रिकामे ग्लास गोळा करायला बाहेर गेले तेव्हा पायाला काहीतरी मऊ लागलं. वेताच्या खुर्चीखाली कॅनव्हासचे बूट होते, एक आडवा, एक उभा, नाड्या सुटलेल्या. यजमान अनवाणी पायांवर पाय टाकून बसले होते आणि बोटं गाण्याच्या तालावर हलत होती.

उठताना वकील म्हणाले, "तर मग पुढचा शनिवार... तो तेलीबांध्याला ठरला होता, आमच्याकडे..."

"हव," भांडेवाले म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले.

"कोणं ठरवलं?" यजमान म्हणाले. "इथंच. अन् मेथी घेऊन जा, विसरशील. ताई, पुढच्या शनिवारी लिंबं लागतीन, बरं का!"

"लागू दे की!" ताई आतून ओरडल्या. "पण सालीसकट का पिळून, ते आत्ताच सांगून ठेव. मंग मले नको बोलू!"